आडवा हात

आमच्या आईच्या वाढपातून सुखरूप उठणे हे मोठे जिकिरीचे काम आहे. ती पंक्तीत वाढायला उभी राहिली, की 'नको' या शब्दाचा अर्थ 'थोडे घाला' असा होतो आणि 'पुरे' या शब्दाचा अर्थ 'लाजतो आहे' असा होतो. म्हणून आमच्याकडची जुनी जाणती पाहुणेमंडळी तोंडाने काही बोलतच नाहीत. सरळ पानावर आडवा हात धरतात. हा आडवा हात मोठा गुणी आहे. त्यात वाढणाऱ्याचा अपमान नाही, अन्नाची नासाडी नाही आणि जेवणाऱ्याचा जीवही वाचतो. लहानपणापासून मी हा हात पाहत आलो आहे. पण त्याची खरी किंमत मला गेल्या दिवाळीत कळली, आणि मौज अशी, की ती कळायला कॉम्प्युटरमधले एक भोक कारण झाले.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी ताई आणि तिचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे आले. भाचा तिकडे एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिण्याच्या नोकरीवर आहे. एरवी आल्याबरोबर फराळाच्या डब्यांची झडती घेणारा हा मुलगा त्या दिवशी चकलीचा तुकडा हातात धरून नुसताच बसून होता. रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तर माजघरात उजेड. पणत्या केव्हाच विझल्या होत्या. उजेड लॅपटॉपचा होता आणि त्यापुढे आमचे भाचेराव डोळे ताणून बसले होते.

मामाचा अधिकार गाजवायची संधी सहसा मिळत नाही. मी म्हणालो, "अरे, सणासुदीला तरी ऑफिसचं काम बाजूला ठेव."

"ऑफिसचं नाही, मामा. माझं स्वतःचंच आहे. माझ्या लायब्ररीत भोक सापडलंय."

शाळामास्तराला लायब्ररी म्हटले की काचेची कपाटे, फाटक्या पुठ्ठ्यांच्या कादंबऱ्या आणि त्यांना जडलेला एक ठरावीक आजार एवढेच आठवते. मी सहानुभूतीने विचारले, "वाळवी लागली का रे?"

दुपारपासून तो पहिल्यांदाच हसला. मग सरकून बसला आणि त्याने मला शिकवायला घेतले. जन्मभर दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता विद्यार्थी होण्यात काय सुख असते, ते अनुभवल्यावाचून कळायचे नाही.

त्याने सांगितले ते असे. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळे काही स्वतः लिहीत बसत नाही. तारीख वाचणे, नावे अकारविल्हे लावणे, मजकुराची जुळणी करणे अशी हजार बारीक कामे आधीच कोणीतरी नीट लिहून ठेवलेली असतात. ती उचलायची आणि आपल्या कामात बसवायची. अशा तयार तुकड्याला ते लोक लायब्ररी म्हणतात. आणि ओपन सोर्स म्हणजे त्या तुकड्याची अक्षर न् अक्षर उघडी. कोणीही वाचावीत, वापरावीत, सुधारावीत. बहुधा दाम नाही, भाडे नाही.

ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावची भांडी आली. मारुतीच्या देवळामागे एक अंधारी खोली होती. तिच्यात पाचशे पानांचा भात शिजेल अशी तांब्याची तपेली, पितळी पराती, घंगाळी, हातभर लांबीचे झारे, ओगराळी असा सगळा सरंजाम असे. कोणाचे लग्न असो, कोणाचे तेरावे असो, भांडी न्यायची, कार्य उरकायचे आणि घासून परत आणून ठेवायची. भांडी गावाची. त्या खोलीची किल्ली मात्र एकाच्या कनवटीला असे. तो एक म्हणजे माझे वडील.

"अगदी तसंच," भाचा म्हणाला. "फक्त भांडं नेलं तरी खोलीत शिल्लक राहतं आणि नेणारा कोण ते कळत नाही."

त्याची स्वतःची लायब्ररी म्हणजे जेमतेम चाळीस ओळी. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याने ती हौसेने लिहिली होती. फॉर्म भरताना लोक नावाच्या मागेपुढे रिकाम्या जागा सोडतात. त्या छाटून नाव साफ करणे एवढेच तिचे काम. त्याने ती सर्वांसाठी ठेवून दिली आणि तो विसरूनही गेला. लोक मात्र विसरले नाहीत. एकाने घेतली, त्याच्या कामात ती आहे हे न बघता दुसऱ्याने त्याचे काम घेतले, आणि असे करता करता ती हजारो ठिकाणी जाऊन बसली.

"मी विजेचं बिल भरतो तिथेसुद्धा असेल का रे?"

"असेलही. मला कळायला मार्ग नाही."

आणि आता कुठल्या तरी दूरच्या देशातल्या एका अभ्यासकाचे त्याला पत्र आले होते. पत्र सभ्य होते. तुमच्या लायब्ररीत 'डिनायल ऑफ सर्व्हिस'चा दोष आहे, अमुक दिवसांत दुरुस्त करावा, त्यानंतर तो आम्ही जाहीर करू.

"म्हणजे चोर आत शिरतो?" मी विचारले.

"शिरत नाही. हीच तर गंमत आहे. कुलूप शाबूत, तिजोरी शाबूत, एक कागद हलत नाही. फक्त काम थांबतं."

ते मला एस. टी. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीवरून समजले. खिडकीपाशी हजार माणसे एकदम लोटली तर आतला बाबू थकणारच. पण तो प्रकार निराळा. हा प्रकार असा, की एकच गृहस्थ खिडकीशी येतो आणि अत्यंत नम्रपणे एकच प्रश्न विचारतो. प्रश्न असा बेतलेला, की त्याचे उत्तर शोधायला बाबूला सगळी वेळापत्रके पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा चाळावी लागावीत. बाबू इमानी आहे. 'जमणार नाही' म्हणायला त्याला कोणी शिकवलेलेच नाही. तो चाळत राहतो. मागे रांग वाढते, गाड्या सुटतात. बाबूला कोणी मारलेले नसते, लुटलेले नसते. तो फक्त सेवा करीत असतो, आणि त्याच्या त्या सेवेमुळेच बाकी सर्वांची सेवा बंद पडलेली असते.

भाच्याने मला प्रत्यक्ष दाखवले. त्याने लायब्ररीला नेहमीसारखे नाव दिले, मागे दोन रिकाम्या जागा सोडून. पापणी लवायच्या आत नाव साफ होऊन आले. मग त्याने पाच लाख रिकाम्या जागा दिल्या आणि त्यांच्या शेवटी एकच 'अ'. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन हळूच चहा टाकला, गाळला, दोन कप घेऊन आलो, तरी पंखा घरघरतच होता.

"असं करतोय तरी काय तो?"

"शेवटच्या रिकाम्या जागा शोधतोय."

वर्गातल्या एखाद्या सांगकाम्या मुलाला तुम्ही सांगा, की ओळीच्या अगदी शेवटी रिकाम्या जागा असतील तर पूस. तो पहिल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवतो आणि चालत सुटतो. पाच लाख जागा चालून गेल्यावर त्याला 'अ' भेटतो. म्हणजे या जागा शेवटच्या नव्हेत. शहाणा मुलगा इथे उमजेल. आमचा सांगकाम्या परत येतो, दुसऱ्या जागेवर बोट ठेवतो आणि पुन्हा त्याच 'अ'पर्यंत चालत जातो. मग तिसरी. मग चौथी. रिकाम्या जागा दुप्पट केल्या की वेळ चौपट होतो. पाच लाखांचा हिशेब मी मागाहून पाठकोऱ्या कागदावर मांडला. साडेबारा हजार कोटी पावले झाली. आणि एवढी पायपीट करून हाती काय, तर छाटण्यासारखे शेवटी काहीच नव्हते!

हे केवळ आमच्या भाच्याच्याच वाट्याला आले असे नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे शंकासमाधान करणारे स्टॅक ओव्हरफ्लो नावाचे जगप्रसिद्ध संकेतस्थळ आहे. २० जुलै २०१६ रोजी ते ३४ मिनिटे बंद पडले. कारण काय, तर कोणीतरी टाकलेल्या एका मजकुरात सुमारे २०,००० रिकाम्या जागा ओळीने आल्या होत्या आणि त्या छाटणारे सूत्र याच सांगकाम्याच्या जातीचे होते. वीस हजार, अधिक एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णव, असे करीत एकापर्यंत बेरीज केली तर वीस कोटींच्या घरात जाते. दुर्दैवाने तो मजकूर पहिल्याच पानावर झळकत होता. यंत्रे जिवंत आहेत की नाहीत हे पाहणारा पहारेकरीही तेच पान मागून खात्री करून घेई. पान येईना, तेव्हा त्याने सगळी यंत्रे मेली असे समजून दारे लावून घेतली. कारण सापडायला १० मिनिटे, दुरुस्ती लिहायला १४ आणि ती सगळीकडे पोचवायला १० मिनिटे लागली. पुढे २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या एका नव्या नियमातल्या अशाच सूत्राने तिच्या आश्रयाला असलेली जगभरची कितीतरी संकेतस्थळे २७ मिनिटे अडवून धरली. दोन्ही वेळा कोणा शत्रूची गरज पडली नाही.

"आणि कोणी मुद्दाम केलं तर?"

"तर त्याला फार खर्च येत नाही, मामा. एका पोस्टकार्डावर भागतं."

मग त्याने मला या घराण्यातले आणखी दोन दोष सांगितले. पहिला ऐकून मला आमचे हजेरीपुस्तक आठवले. शेकडो नावांतून एक चटकन सापडावे म्हणून प्रोग्रॅम नावावरून एक आकडा काढतो आणि त्या आकड्याच्या खणात ते नाव टाकतो. नावे सर्व खणांत सारखी पसरली तर शोधायला वेळ लागत नाही. पण समजा, आडनावावरून खण केले आणि वर्गात सगळेच पाटील निघाले! आमच्याकडे हे मुळीच अशक्य नाही. मग एका खणात सगळा वर्ग आणि बाकीचे खण ओस. नवा पाटील आला की आधीच्या प्रत्येक पाटलाशी ताडून पाहायचा. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक या दोघांनी २००३ साली दाखवून दिले, की मुद्दाम असे 'पाटील' घडवून पाठवले तर भलेभले प्रोग्रॅम आडवे होतात. पर्ल नावाच्या संगणकभाषेच्या मंडळींनी त्याच वर्षी त्यावर उपाय केला. इतरांनी तितकेसे मनावर घेतले नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान व्हेल्डे यांनी पीएचपी, जावा, पायथन, रुबी अशा नामांकित भाषांमध्ये तोच दोष उघडा करून दाखवला, तेव्हा धावपळ उडाली. आठ वर्षे! उपाय सोपा होता. आकडा काढताना दर वेळी एक गुप्त संख्या त्यात मिसळायची, म्हणजे कोणते नाव कोणत्या खणात जाईल हे बाहेरच्याला आधी कळू नये.

दुसऱ्या दोषाचे नावच दिवाळी अंकाला शोभेल असे आहे. त्याला 'बिलियन लाफ्स' म्हणतात. म्हणजे शंभर कोटी हास्ये! एक्सएमएल नावाच्या लेखनपद्धतीत एखाद्या लांब मजकुराला छोटे नाव देऊन पुढे नुसते ते नाव वापरायची सोय आहे. कोणा खट्याळाने हास्याचा 'लोल' हा शब्द घेतला. दहा लोल म्हणजे एक पहिले नाव. दहा पहिली म्हणजे एक दुसरे. अशा नऊ पायऱ्या चढल्या की शंभर कोटी लोल होतात. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करीत जाणाऱ्या त्या विद्वानाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. दर घराला दुपटीऐवजी दहापट, एवढाच फरक. लिहिलेला मजकूर एक किलोबाइटसुद्धा नाही, आणि भोळा वाचक तो उलगडायला बसला की तीन गिगाबाइट जागा खाऊन कोसळतो. हा खेळ २००२ पासून ठाऊक आहे. एक्स्पॅट नावाची एक फार जुनी आणि फार वापरातली ओपन सोर्स लायब्ररी आहे. तिच्या नावावर हा दोष २०१३ साली नोंदला गेला आणि तिच्यात त्याचा बंदोबस्त झाला तो २०२१ साली. बंदोबस्त म्हणजे काय, तर एक मर्यादा. मूळ मजकुराच्या मानाने उलगडलेला मजकूर बेसुमार फुगू लागला, की थांबायचे.

"मर्यादा घालायला आठ वर्षं?" मी मास्तरी थाटात विचारले.

भाच्याने चहाचा कप खाली ठेवला. "मामा, करणारी माणसं किती असतात, ठाऊक आहे? २०२४ साली त्याच लायब्ररीच्या बदलांच्या नोंदवहीत वरच लिहून ठेवलं होतं, की माणसं अपुरी आहेत आणि पैसा नाही. निम्मं जग वापरतं, आणि सांभाळणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत."

आणि मग तो गप्प झाला. त्याला खरे सलत होते ते भोक नव्हतेच. अभ्यासकाच्या सभ्य पत्रामागून आणखी पत्रे आली होती. ती त्याने मला वाचून दाखवली. एका कंपनीतून विचारणा होती, की दुरुस्ती नेमकी कोणत्या तारखेला मिळेल, आमचे गिऱ्हाईक खोळंबले आहे. दुसऱ्या एकाने लिहिले होते, इतका निष्काळजीपणा करायचा होता तर लोकांपुढे ठेवलीच कशाला? तिसऱ्याने चोवीस तासांत तीनदा स्मरण दिले होते. यांपैकी एकालाही तो ओळखत नव्हता. एकाकडूनही त्याने छदाम घेतला नव्हता. महिनाभर नोकरी संपवून तो रात्री ही पत्रे निस्तरत होता.

"मी ती काढून टाकतो, मामा," तो म्हणाला. "लिहून देतो, आजपासून माझा संबंध नाही. ज्याला हवं त्याने बघावं."

माझ्या जिभेवर शब्द आले होते, 'टाक काढून. लष्कराच्या भाकऱ्या कोणी सांगितल्या आहेत?' पण ते तिथेच अडले. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते.

वडिलांच्या कनवटीची किल्ली मी वर सांगितलीच आहे. लग्नसराईत आमच्या दाराला विसावा नसे. पहाटे चारला कोणी तपेले मागायला येई, रात्री अकराला कोणी झारा परत करायला. भांड्यांना कल्हई लावायची वेळ आली की कल्हईवाल्याला गाठायचे वडिलांनीच, वर्गणीसाठी दारोदार फिरायचे वडिलांनीच. आणि एखाद्या परातीला पोचा आला तर ऐकून घ्यायचेही त्यांनीच. त्यांच्या तोंडून 'उद्या या' एवढे दोन शब्द कधी निघाले नाहीत. एका वैशाखात ताई तापाने फणफणली होती. मध्यरात्री दारावर थाप पडली. वऱ्हाड वेळेआधी आले होते आणि भांडी हवी होती. वडील उठले. आई दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "किल्ली देऊन टाका. लष्कराच्या भाकऱ्या कोणी सांगितल्या आहेत?" वडील त्या रात्री गेले, भांडी काढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली देवळात ठेवून आले.

आईचे चुकले असे म्हणायची माझी आजही छाती नाही. पण पुढे काय झाले ते मी पाहिले आहे. किल्ली कोणीच उचलली नाही. खोली उघडीच राहिली. परत आलेली भांडी कोण मोजून घेणार? कल्हई उडाली. दोनतीन वर्षांत तपेली गेली, मग पराती. शेवटी खोलीत एक चिरलेले घंगाळ उरले आणि गरिबाच्या घरच्या लग्नालाही भांडी भाड्याने येऊ लागली. वडील त्या खोलीवरून जाताना मान वळवत नसत. ते गेले, तोपर्यंत आमच्या घरात त्या भांड्यांचा विषय कोणी काढला नाही.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. त्याच्या आईच्याच तापाची गोष्ट, पण त्याने ती कधी ऐकली नव्हती. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबांनी दारावर एक पाटी लावायला हवी होती. भांडी सकाळी आठ ते दहा."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तीस वर्षांत ही पाटी माझ्या डोक्यात आली नव्हती. आम्हाला दोनच वाटा ठाऊक होत्या. मरेस्तोवर सेवा करायची, नाही तर किल्ली टाकून द्यायची. चांगल्या माणसाने 'पुरे' म्हणू नये, हे आमच्यात इतके मुरलेले, की 'पुरे' न म्हणता आल्यामुळेच चांगले काम बुडते हे ध्यानात येत नाही. त्या चाळीस ओळींत जो दोष होता, तोच वडिलांत होता आणि तोच पणत्या विझल्यावर लॅपटॉपपुढे बसलेल्या या पोरात होता. कितीही मागा, तो देत राहणार. अशा घराला कुलपे फोडणारा चोर लागत नाही. एक मागणारा पुरतो.

त्याने दुरुस्ती केली तेव्हा तीन वाजून गेले होते. मी समजेल तेवढे बघत होतो. सूत्र त्याने काढून टाकले आणि त्याजागी साधी चाल लिहिली. पुढून चालायचेच नाही. शेवटून सुरुवात करायची, रिकामी जागा दिसेल तोवर मागे यायचे, अक्षर भेटले की तिथेच थांबायचे. 'अ' शेवटालाच असेल तर पहिल्याच पावलाला काम संपले. दुसरी भर अशी, की दोनशे अक्षरांहून लांब नाव आले तर ते न तपासता परत करायचे. हा आकडा त्याच्या मनाचा नव्हता. तारखा वाचणारी मोमेंट नावाची एक प्रसिद्ध लायब्ररी आहे. २०२२ साली तिच्यात असाच दोष निघाला होता, तेव्हा बाहेरून येणाऱ्या मजकुराला दोनशे अक्षरांसारखी काहीतरी शहाणी मर्यादा घाला, असा सल्ला दुरुस्तीबरोबर दिला गेला होता.

"दोनशे पुरतील?" मी म्हणालो. "आमच्या वर्गात एक मुलगा स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं नाव, आडनाव आणि मुक्काम पोस्ट सगळं एका दमात सांगतो."

"त्याला पण पुरतील."

पंखा शांत झाला. पाच लाख रिकाम्या जागा आणि तो 'अ' त्याने पुन्हा दिला. लायब्ररीने तो तात्काळ परत केला. अगदी नम्रपणे.

"आता पाटी," मी म्हणालो.

इथे मात्र त्याने माझ्याकडे पाहिले. "मामा, तू कादंबऱ्या लिहितोस. नम्र पण ठाम कसं लिहायचं, ते तू सांग."

आणि अशा रीतीने त्या रात्री माझ्या साहित्यसेवेचा प्रथमच कोणाला तरी उपयोग झाला. मी मराठीत सांगत होतो, तो इंग्रजीत उतरवीत होता, कारण माझी इंग्रजी मॅट्रिकपर्यंत येऊन दमली आहे. तीनदा खोडले. पहिल्या खर्ड्यात राग होता, दुसऱ्यात केविलवाणेपणा. तिसरा ठीक उतरला. 'दोष दुरुस्त केला आहे. दाखवून देणाऱ्याचे आभार. ही लायब्ररी एक माणूस फावल्या वेळात सांभाळतो. आलेली पत्रे रविवारी पाहिली जातील. ज्यांना त्याहून घाई असेल त्यांनी हातभार लावायला माणूस द्यावा किंवा त्या वेळेचा मोबदला द्यावा. सोबत काम करायला कोणी पुढे आले तर किल्ली दोघांकडे ठेवण्यात आनंद वाटेल.' शेवटच्या वाक्यातली 'किल्ली' माझी. त्याने ती तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ताईने ओवाळले, पंगत बसली, आई वाढायला उभी राहिली. दोन पुरणपोळ्या झाल्यावर भाच्याने पानावर आडवा हात धरला. आईचा तुपाचा चमचा हवेतच थांबला. आता ती बोटांच्या फटीतून वाढणार, हे आम्ही सगळे जाणून होतो. भाचा हसून म्हणाला, "आजी, पुरे. खरंच पुरे. संध्याकाळी मागून घेईन."

आईने क्षणभर त्याच्या हाताकडे पाहिले. त्या वैशाखातल्या रात्री दारात ती उभी राहिली होती, तेव्हा तिला काय म्हणायचे होते, ते मला त्या क्षणी उमगल्यासारखे वाटले.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या पानाकडे वळली.

पुढचे पान माझे होते.

भाच्याच्या पाटीला त्या दिवसापर्यंत दोन उत्तरे आली होती. एक रागाचे होते. दुसऱ्यात कोण्या अनोळखी माणसाने एवढेच विचारले होते, की रविवारी किती वाजता बसता?